वाचकांचे प्रश्न : लीडिंग फायरमन व्हायचंय, झालोय, किंवा घरात आहे

अग्निशमन सेवेबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं एकाच पदाभोवती फिरणारी आहेत. ते पद म्हणजे लीडिंग फायरमन. अधिकारी पोहोचण्याआधी घटनास्थळी पथकाचा ताबा बऱ्याचदा याच माणसाकडे असतो. त्यामुळे या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : बारावी झालो आहे. थेट लीडिंग फायरमन म्हणून भरती होते का? शिक्षण किती लागतं? (जालना)

आधी नावांचा घोळ सोडवू. हेच पद कुठे ‘प्रमुख अग्निशामक’, कुठे ‘प्रमुख अग्निशमन विमोचक’, कुठे सरळ ‘लीडिंग फायरमन’ या नावानं जाहिरातीत येतं. पुण्यात त्याला ‘तांडेल’ म्हणतात. हा शब्द दर्यावरचा, होडीवरच्या खलाशांच्या म्होरक्याचा. पदाचा अर्थ या एका शब्दात नीट कळतो : हुकूम देतो, पण स्वतः होडीतच असतो.

बहुतेक ठिकाणी हे पद पदोन्नतीचं आहे. अग्निशामक म्हणून लागायचं, ठरावीक वर्षं सेवा करायची, मग ज्येष्ठता, गोपनीय अहवाल आणि असल्यास खात्याची परीक्षा यांवर ते मिळतं. काही महापालिका थेट भरतीही करतात. तेव्हा दहावी किंवा त्यापुढचं शिक्षण, राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम, अग्निशामक पदावरचा अनुभव, एमएस-सीआयटी आणि मराठी लिहिता-वाचता येणं, अशा अटी सहसा असतात. अनुभवाची वर्षं प्रत्येक संस्थेच्या सेवाप्रवेश नियमांप्रमाणे बदलतात. मित्राच्या शहरात तीन वर्षं चालली म्हणून तुमच्याकडे चालतीलच असं नाही.

खरा धोका वेगळाच आहे. ‘फायर अँड सेफ्टी’ नावाचे डिप्लोमा गल्लोगल्ली मिळतात. पन्नास-साठ हजार भरून मुलं ते करतात आणि कागदपत्र पडताळणीच्या दिवशी बाहेर पडतात, कारण जाहिरातीत मुंबईतल्या सांताक्रूझ पूर्वेच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा पाठ्यक्रम मागितलेला असतो. पैसे भरण्यापूर्वी तुम्हाला हव्या असलेल्या दोन-तीन महापालिकांच्या मागच्या जाहिराती काढा, पात्रतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव त्यात बसतं का ते पाहा. असे डिप्लोमा खासगी कारखान्यांत कामाला येतात, त्यांना कमी लेखायचं नाही. पण महापालिकेचं दार त्यांनी उघडेलच असं नाही.

तुमच्यासाठी सरळ वाट अशी : आधी अग्निशामक पाठ्यक्रम आणि त्या पदाची भरती. लीडिंगचा विचार त्यानंतर.

प्रश्न : उंची एक सेंटिमीटर कमी भरते. सवलत मिळते का? (परभणी)

जाहिरातीत सवलत लिहिलेली असेल तरच. पुरुषांसाठी १६५ सें.मी. उंची, ५० किलो वजन, छाती ८१ सें.मी. आणि फुगवून ५ सें.मी. जास्त, हे आकडे अनेक जाहिरातींत आढळतात. मुंबई महापालिकेसारख्या ठिकाणी उंचीची अट याहून जास्त राहिली आहे. मोजणी अनवाणी होते. सरकारी रुग्णालयात आधी मोजून घ्या, दुकानातल्या यंत्रावर विसंबू नका. छातीच्या फुगवट्यात नापास होणारे मात्र सरावानं पास होऊ शकतात. रोज पोहणं किंवा धावणं आणि खोल श्वासाचा सराव दोन-तीन महिने केला तर फरक पडतो.

प्रश्न : वर्दी (आगीची खबर) मिळाल्यावर लीडिंग फायरमन नेमकं काय करतो? मुलाखतीत विचारलं तर कसं सांगावं? (कोल्हापूर)

‘आग विझवतो’ एवढं सांगितलंत तर तो अग्निशामकाचा जबाब झाला. लीडिंग फायरमन हिशोब ठेवतो. पाणी किती उरलं, हवा किती उरली, माणसं किती आत आहेत, या तीन गोष्टी त्याला कोणत्याही क्षणी विचारल्या तरी सांगता आल्या पाहिजेत.

बंब थांबायच्या आधीपासून काम सुरू होतं. पत्ता आणि खूण नियंत्रण कक्षाकडून पुन्हा वदवून घेणं, वाटेत धुराचा रंग आणि वाऱ्याची दिशा बघणं, गाडी कुठे लावायची ते चालकाला सांगणं. गाडी इमारतीच्या अगदी पोटाशी लावली की वरून काचा पडतात आणि मागून येणाऱ्या शिडीच्या गाडीला जागा उरत नाही. उतरल्यावर पहिला प्रश्न : आत कोण आहे? दुसरा : आत काय आहे? हा दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कळलं. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच वेळी होती. स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यामुळेच. आज गोदामाच्या दारात उभा असलेला लीडिंग फायरमन चौकीदाराला “माल काय आहे?” असं विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत माणसं आत सोडत नाही, तेव्हा तो वेळ घालवत नसतो.

मग पाणी. बंबावर ४,५०० लिटरची टाकी आहे असं धरा. २० मि.मी. नॉझल ३.५ बार दाबानं चालवलं तर मिनिटाला जवळपास ५०० लिटर पाणी जातं. म्हणजे नऊ मिनिटं. दोन लाइनी उघडल्या तर साडेचार. तेच १२ मि.मी. नॉझल असेल तर मिनिटाला १८० लिटर आणि टाकी पंचवीस मिनिटं पुरते. म्हणून पाणी सुरू करायच्या आधीच दुसऱ्या टँकरची मागणी जायला हवी. टाकी निम्मी झाल्यावर मागणी करणाऱ्याच्या माणसांच्या हातात, टँकर रहदारीत अडकलेला असताना, कोरडी नळी उरते. आणि पाणी नसताना आत असलेल्या माणसाला परतायची वाट आगीतून काढावी लागते.

उंचीचा हिशोब तोंडपाठ असावा : दर १० मीटर चढाला १ बार. पाचव्या मजल्यासाठी म्हणजे साधारण १५ मीटरला दीड बार, नॉझलला साडेतीन, सहा नळ्यांच्या घर्षणात जवळपास एक. पंपावर सहा बारची मागणी चालकाकडे करायची. मोघम “दाब वाढव” असं ओरडलं तर चालक दाब एकदम वाढवतो आणि ब्रँचवरचा, म्हणजे नॉझल धरलेला, माणूस जिन्यात मागे फेकला जातो.

नळी कोरडीच वर न्यायची. ६३ मि.मी. व्यासाच्या १५ मीटर नळीत भरल्यावर सुमारे ४७ लिटर पाणी मावतं, म्हणजे एका नळीला ४७ किलो ओझं वाढतं. भरलेली नळी जिन्यानं ओढत नेणारे दोघं आगीपर्यंत पोहोचण्याआधीच दमतात. आग लागलेल्या मजल्याच्या एक मजला खाली थांबायचं, तिथे एक नळी सैल पसरून ठेवायची, आणि मगच पाणी मागायचं. नळी पसरताना कपलिंगचं मादी टोक आगीकडे. घाईत उलटी पसरलेली नळी हा सरावातलाही सर्वांत जास्त घडणारा दोष आहे, आणि प्रत्येक वेळी एक-दीड मिनिट खातो.

विजेबाबत एकच ठाम भूमिका ठेवा. महावितरणच्या किंवा संबंधित वीज कंपनीच्या माणसानं पुरवठा तोडल्याचं स्वतः सांगितल्याशिवाय तो चालू आहे असंच धरायचं. मुख्य स्विच पाडला तरी इन्व्हर्टरची बॅटरी आणि गच्चीवरचे सौर पॅनेल वीज देतच राहतात.

आणि इमारत. जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारतीत आग बराच वेळ चालली की तुळया आतून जळतात. भिंत फुगणं, नवी भेग रुंदावत जाणं, दारं चौकटीत अडकणं, गिलावा सतत पडणं, वरून करकर आवाज, यांतलं काहीही दिसलं-ऐकलं की माणसं बाहेर काढायची आणि मग अधिकाऱ्याला कळवायचं, याच क्रमानं. काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत ९ मे २०१५ रोजी इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलानं आपले चार अधिकारी गमावले, त्यांत दलाचे प्रमुखही होते. अनुभव कितीही मोठा असला तरी कोसळणारी इमारत वेळ देत नाही.

प्रश्न : बीए सेटचं (धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर लावायच्या हवेच्या संचाचं) सिलिंडर ‘पाऊण तासाचं’ असतं म्हणतात. मग माणसं वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर का बोलावतात? (ठाणे, नव्यानं रुजू झालेले अग्निशामक)

पाऊण तास हा कागदावरचा आकडा आहे. ६.८ लिटरचं सिलिंडर ३०० बारला भरलं की त्यात २,०४० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरली तर ५१ मिनिटं. पण जिना चढून, नळी ओढून, माणूस खांद्यावर घेऊन जाणारा ४० लिटरवर भागवत नाही. ६० लिटर धरा, ३४ मिनिटं झाली. घाबरलेला माणूस त्याहून जास्त घेतो. हवा संपत आल्याची शिट्टी वाजते साधारण ५५ बारला, तेव्हा आत जेमतेम ३७० लिटर उरलेली असते. ती फक्त अडचणीसाठी आहे, कामासाठी नाही.

म्हणून परतीचा दाब आत जातानाच ठरवायचा. प्रवेशाच्या वेळी गेज २८० दाखवत असेल तर २८० मधून ५५ वजा करा, २२५ उरले. त्याचे अर्धे साधारण ११२. ते ५५ मध्ये मिळवा : १६७. म्हणजे गेज १७० च्या आसपास आलं की पाठ फिरवायची, काम अर्धवट असलं तरी. जोडीत दोघांपैकी ज्याचं गेज कमी, त्याचाच आकडा दोघांचा. तळघरात ही रीतही अपुरी पडते, कारण येताना जिना चढायचा असतो आणि चढताना हवा जास्त लागते. तिथे परतीचा दाब आणखी वर ठेवा.

दारावर टॅली (आत जाणाऱ्यांच्या नावाच्या पट्ट्या) घेऊन उभा राहणारा माणूस लीडिंग फायरमननं नेमायचा आणि त्याला दुसरं कोणतंही काम द्यायचं नाही. नाव, दाब, आत गेल्याची वेळ, कुठल्या भागात गेले, हे चार रकाने तिथल्या तिथे भरायचे. मदतीला माणूस कमी आहे म्हणून या दारावरच्याला नळी ओढायला पाठवलं, की आत कोण आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

पाळी सुरू होताना प्रत्येक सेटची तपासणी : सिलिंडर उघडा, दाब बघा, बंद करा, एक मिनिट थांबा. गेज १० बारपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे. मग हवा हळूहळू सोडत शिट्टी कितीला वाजते ते ऐका. मुखवटा लावून नळी हातानं दाबून श्वास घ्या, तो चेहऱ्याला चिकटला पाहिजे. दाढीचे खुंट असले तर चिकटत नाही. पाळीवर दाढी करून यायला सांगणं हा कडकपणा वाटतो, पण गळणारा मुखवटा धूर आत घेतो आणि हवा वेगानं संपवतो.

प्रश्न : सरावात विहिरीतून पाणी उचलायचं होतं. पंप फिरतोय, पाणी येत नाही. चूक कोणाची? (अहिल्यानगर जिल्हा, नगरपरिषद)

चूक कोणाची ते नंतर बघू, आधी गेज काय सांगतंय ते बघा. दर मीटर उचलीला सुमारे ०.१ बार पोकळी, म्हणजे निर्वात (पाऱ्याच्या मापात साधारण ७५ मि.मी.), लागते. उचल पाच मीटर असेल तर काटा ०.५ बारच्या आसपास यायला हवा. काटा त्याच्या फार पुढे गेला आणि पाणी नाही, तर खाली गाळणी चोंदली आहे : पाला, प्लॅस्टिकची पिशवी, गाळ. काटा हललाच नाही तर हवा शिरतेय. सक्शनच्या (पाणी खेचणाऱ्या नळीच्या) सांध्यातला रबरी वॉशर, उघडा राहिलेला ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी), पाण्यात न बुडालेली गाळणीची बास्केट, या क्रमानं बघा. काटा चढून पुन्हा पडत असेल तर नळीचा कुठलातरी भाग पंपाच्या तोंडापेक्षा वर गेलाय आणि तिथे हवेचा बुडबुडा बसलाय. नळी पाण्यापासून पंपापर्यंत चढती हवी.

हे सगळं ठीक असूनही पाणी येत नसेल तर उचल मोजा. ती विहिरीच्या तळापासून नाही, पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंत मोजायची. हवेचा दाब पाणी सिद्धान्तात १० मीटरवर ढकलतो, प्रत्यक्षात सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. मे महिन्यात आपल्याकडच्या कितीतरी विहिरींचं पाणी त्याच्या खाली असतं, आणि उपसा सुरू झाला की आणखी उतरतं. तिथे बंबाचा पंप कितीही नवा असला तरी उपयोग नाही. पाण्यात सोडायचा सबमर्सिबल किंवा खाली उतरवता येणारा छोटा पंप हवा. उन्हाळ्याआधी हद्दीतल्या विहिरी, तलाव, सोसायट्यांच्या टाक्या फिरून बघणं, पातळी आणि गाडी कुठवर जाते याची वहीत नोंद करणं, हे लीडिंग फायरमनचं काम आहे. नगरपरिषदेच्या छोट्या केंद्रात तर ती वहीच निम्मी अग्निशमन सेवा आहे.

महिन्यातून एकदा सक्शनचं तोंड बंद करून कोरडी चाचणी घ्या. ०.८ बार पोकळी करा, प्रायमर (पंपातली हवा काढणारं साधन) थांबवा. एका मिनिटात ०.३ बारपेक्षा जास्त पडली तर पंप दुरुस्तीला.

प्रश्न : शेजारी गॅस सिलिंडर पेटला. बंबवाल्यांनी ज्वाळा विझवली नाही, नुसतं पाणी मारत राहिले. लोक चिडले होते. असं का? (नाशिक, गृहिणी)

ताई, त्यांनी बरोबर केलं. गळती बंद करता येत नसताना ज्वाळा विझवली तर गॅस येतच राहतो. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो, शेजारच्या घरात, गटारात शिरतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास झाला की एका ठिणगीला पुरतो. जळणारा गॅस डोळ्यांसमोर असतो, न जळणारा नसतो. म्हणून लांबून फवाऱ्यानं सिलिंडर थंड ठेवायचं, आजूबाजूचं सामान हलवायचं, आणि व्हॉल्व्ह बंद करता आला तरच ज्योत विझवायची.

घरात गळतीचा वास आला, आग नाही, तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कोणताही स्विच चालू किंवा बंद करू नका. बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. आग लागली असेल तर १०१.

प्रश्न : स्टेशनवर बसून असतात, असं लोक म्हणतात. वर्दी नसताना काय काम असतं? (सोलापूर)

हजेरी, पाळी ताब्यात घेताना गाडीवरच्या प्रत्येक वस्तूची मोजणी, पंप चालवून बघणं, परेड आणि सराव, शिडी, दोर आणि कटर यांची देखभाल. आगीहून आलेली नळी धुऊन टॉवरवर टांगून वाळवायची; ओली गुंडाळून ठेवली तर तिचं विणलेलं आवरण कुजतं आणि पुढच्या आगीत भर दाबाखाली फुटते. न वापरलेल्या नळ्याही काही महिन्यांनी उलगडून घडी बदलायची, नाहीतर घडीवर चीर पडते.

वर्दीची नोंद लीडिंग फायरमन लिहितो किंवा तपासतो : कळवल्याची, निघाल्याची, पोहोचल्याची, आग आटोक्यात आल्याची वेळ, किती पाणी, कोणती साधनं, कोण जखमी. विमा कंपनी, पोलीस, कधी न्यायालय, सगळे याच कागदाकडे येतात. आगीचं कारण माहीत नसेल तर ‘शॉर्ट सर्किट’ असं सवयीनं लिहू नये. ‘कारण तपासाअंती’ लिहावं. जे पाहिलं ते लिहावं : आग कोणत्या खोलीत जास्त होती, दार आतून बंद होतं का, कसला वास होता.

इमारतींची पाहणीही असते. २००६ च्या राज्य अधिनियमानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवणं ही मालकाची आणि भोगवटादाराची जबाबदारी आहे आणि परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये नमुना ‘ब’ प्रमाणपत्र घेऊन सादर करायचं असतं. ना-हरकत देणं लीडिंग फायरमनच्या हातात नाही. पण जिन्यात रचलेल्या दुचाकी आणि कुलूप लावलेलं गच्चीचं दार तोच बघतो आणि अहवालात लिहितो.

प्रश्न : मुलगी पाठ्यक्रमाला जाते म्हणते. घरचे नको म्हणतात. (अमरावती)

जाऊ द्या. महापालिकांच्या अग्निशमन दलांत महिला आहेत, भरतीत त्यांच्यासाठी वेगळे शारीरिक निकष असतात. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये प्रवेश घेतला, तेव्हा तिथे दुसरी मुलगी नव्हती. आज तुमच्या मुलीला तेवढं एकटं पडावं लागणार नाही. उंची मात्र आत्ताच नीट मोजून घ्या.

प्रश्न : माझे पती लीडिंग फायरमन आहेत. आगीहून आले की कपड्यांना दोन-दोन दिवस वास येतो. खोकलाही असतो. काय काळजी घ्यावी? (पिंपरी)

तुमची काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसाय कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केला. काजळीतले घटक फुप्फुसांतून जातात तसे त्वचेतूनही जातात.

कामाचे कपडे घरी आणू नयेत. स्टेशनवरच वेगळे धुवावेत, आणावेच लागले तर बंद पिशवीत, आणि मुलांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नयेत. आगीहून परतल्यावर बंबात बसण्याआधी अंगरखा आणि बूट पाण्यानं धुऊन घ्यावेत, मान, चेहरा आणि हात पुसावेत, स्टेशनवर पोहोचल्यावर लगेच अंघोळ. हातमोजे आणि डोक्यावरचं आवरण सर्वांत जास्त काजळी धरतं.

सर्वांत मोठी चूक कुलिंगच्या वेळी होते. ज्वाळा गेल्या, आता फक्त राख उपसायची म्हणून माणसं मुखवटा काढतात. जळलेल्या गाद्या, फोम आणि प्लॅस्टिकमधून तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघत असतं. लीडिंग फायरमननं स्वतः मुखवटा ठेवला तर बाकीचे ठेवतात. त्यानं काढला की सगळे काढतात. हे त्यांना तुमच्याकडून कळलं तरी चालेल. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि कामाचं स्वरूप आवर्जून सांगा.

प्रश्न : पाच वर्षं लीडिंग आहे. पुढे उपस्थानक अधिकारी व्हायला काय करावं? (छत्रपती संभाजीनगर)

त्या पदासाठी सेवेबरोबर वेगळा पाठ्यक्रम लागतो, नागपूरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचा किंवा राज्य केंद्राचा. तुमच्या आस्थापनेनं पाठवलं तर सेवेत राहून करता येतो, म्हणून प्रशिक्षणासाठी नाव जावं असा लेखी अर्ज आत्ताच द्या आणि पोच घ्या. सेवापुस्तकात अग्निशामक पाठ्यक्रमाची आणि लीडिंग पदावरच्या रुजू दिनांकाची नोंद आहे का ते स्वतः पाहा. पदोन्नतीच्या यादीतून नावं गळतात ती बहुधा इथे. हंगामी कार्यभार सांभाळला असेल तर त्याचा कार्यालयीन आदेश जपून ठेवा, तोंडी आदेशाची वर्षं मोजली जात नाहीत.